ला पेलोसाची वाळू आणि आपण पर्यटक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत इटलीच्या समुद्रकिनाऱ्यांवर लेख आला होता. फोटो छानच होते, पण त्यातला सार्डिनिया बेटावरच्या ला पेलोसा किनाऱ्याबद्दलचा भाग वाचला आणि राहवेना म्हणून लिहायला बसले. लेखकाचं म्हणणं असं की तिथे पैसे घेऊन आत सोडतात, चटई आणली का विचारतात, सिगारेट ओढू देत नाहीत, आणि एवढ्या लांबून खर्च करून आलेल्या माणसाची ही निव्वळ अडवणूक आहे. मी याच जूनमध्ये तिथे जाऊन आले. खरं सांगते, पहिल्या दिवशी मला पण हेच वाटलं होतं, उलट जास्तच, कारण आम्हाला तर दारातूनच परत पाठवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी जे बघितलं त्यानंतर माझं मत पार बदललं आणि ते तुमच्या वाचकांपर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं, कारण आता आपली मराठी माणसं इटलीला भरपूर जायला लागलीत आणि या लेखानंतर ला पेलोसाला पण जातीलच.

माझी ओळख म्हणजे मी रत्नागिरीची. माहेर मिऱ्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रत्नदुर्ग किल्ल्याच्या एका बाजूला मांडवीचा काळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र, ही नावं वाळूच्या रंगावरून पडलेली. मी शाळेत असताना पांढऱ्या समुद्राची पुळण एवढी रुंद होती की आम्ही घरून निघून पाण्यापर्यंत पोचेपर्यंत पाय भाजायचे. आज तिथे दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा आहे, दर पावसाळ्यात उधाणाला तो कुठे ना कुठे ढासळतो, आणि गावातली माणसं भरतीच्या रात्री जागी असतात. वाळू गेली की काय होतं हे मला पुस्तकातून वाचायला लागलेलं नाही. म्हणून हा विषय माझ्यासाठी फिरण्याच्या हौसेपेक्षा मोठा आहे.

आता प्रवासाचं. माझा मुलगा इटलीत टोरिनोला नोकरीला आहे, सून आणि सात वर्षांचा नातू तिथेच. आम्ही दोघं गेलो होतो दोन महिन्यांसाठी. नातवाची शाळा सुटल्यावर ठरलं की समुद्रावर जायचं, आणि माझा हट्ट होता की वाळूचाच किनारा हवा, खडकाळ नको. टोरिनोहून गाडीने जेनोआ, तिथून गाडीसकट रात्रीच्या बोटीत चढलो, सकाळी सार्डिनियाच्या पोर्तो तोरेस बंदरात उतरलो. (विमानाने जाणाऱ्यांना आल्गेरोचा विमानतळ जवळ.) बंदरापासून स्तिंतीनो हे गाव अर्धा-पाऊण तास, आणि गावाच्या पुढे रस्ता जिथे संपतो तिथे कापो फाल्कोने नावाचं टोक, त्याच्या कुशीत ला पेलोसा.

आमची बोट आणि राहायची जागा ज्या ऑफिसमधून बुक केली होती त्यांना मुलाने दोनदा विचारलं होतं की किनाऱ्यावर जायला आधी काही करावं लागतं का, तर म्हणाले काही नाही हो, समुद्र आहे तो, जा आणि पोहा. त्यांच्या भरवशावर आम्ही पाचजण सकाळी साडेनऊला छत्री, टॉवेल, डबा, नातवाची बादली-फावडं सगळं घेऊन तिथे हजर. लाकडी फळ्यांची वाट सुरू होते तिथे टी-शर्ट घातलेली दोन तरुण मुलं उभी, हातात मोबाईल, प्रत्येकाचं बुकिंग स्कॅन करून मनगटावर पट्टा बांधत होती. आमच्याकडे बुकिंग नाही. त्यातल्या मुलीने मोबाईलवर बघून सांगितलं की आजचे १५०० झाले, सॉरी. मुलगा म्हणाला आम्ही पैसे देतो, जास्त देतो, आईवडील भारतातून आलेत. ती म्हणाली प्रश्न पैशाचा नाही. मी तिथेच उभी, समोर ते पाणी दिसतंय, आणि नातू रडायला लागला. माझा एवढा संताप झाला की मी मराठीतच बोलून घेतलं, समुद्र काय यांच्या बापाचा आहे का. त्या मुलीला कळलं नाही पण सूर कळला असणार, कारण तिने नातवाच्या डोक्यावर हात फिरवला आणि उद्याचं बुकिंग मिळतंय का ते स्वतः बघून दिलं. मिळालं. माणशी साडेतीन युरो, म्हणजे आपले साधारण साडेतीनशे रुपये, आणि १२ वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. जाताना तिने आमच्या टॉवेलांकडे बोट दाखवून एकच शब्द दोनदा सांगितला, स्तुओया, स्तुओया. म्हणजे चटई.

त्या दिवशी मग आम्ही जवळच्याच दुसऱ्या एका बिनतिकिटाच्या किनाऱ्यावर गेलो. पोहलो, टॉवेल टाकून लोळलो, संध्याकाळी खोलीवर आलो. आणि इथे ती गोष्ट झाली. ओले टॉवेल मी न्हाणीघरात झटकले, फरशीवर वाळू पडली, पाण्याने ढकलून द्यायला गेले तर जाळीत अडकून तुंबली. म्हणून हाताने गोळा केली. पाच टॉवेल आणि एक पोराची चड्डी, सगळ्यांची मिळून बरोबर एक वाटी भरली. आपली आमटीची वाटी असते ना तेवढी. ओट्यावर खोलीच्या मालकांचा वजनकाटा होता त्यावर ठेवली तर दोनशे ग्रॅमच्या आसपास. मी ह्यांना हाक मारून दाखवली. हे हिशोबातले, लगेच कागद घेतला. माणशी चाळीस ग्रॅम धरा, १५०० माणसं, रोजची ६० किलो, सीझनचे नुसते शंभर दिवस धरले तरी सहा हजार किलो. सहा टन. म्हणजे कोणी चोरी करत नाही, कोणी फावड्याने भरत नाही, नुसत्या टॉवेलाला चिकटून एका किनाऱ्यावरून दरवर्षी एक ट्रक वाळू निघून जाऊ शकते. हा हिशोब आमचा घरगुती आहे, पण वाटी खरी होती. आणि १५०० हा आताचा आकडा, मर्यादा नव्हती तेव्हा तर याहून कितीतरी जास्त लोक तिथे यायचे.

चटई का, ते मला त्या वाटीने समजावलं. ओला टॉवेल वाळूवर टाकला की वाळू त्याच्या धाग्यांत शिरते, झटकली तरी पूर्ण सुटत नाही. खाली चटई असली की टॉवेल वाळूला लागतच नाही, आणि निघताना चटई दोन टोकांनी धरून एकदा झटकली की सगळी वाळू जागच्या जागी खाली पडते. एवढी साधी गोष्ट. नसली तर दंड १०० युरो. आणि चटई म्हणजे काय मोठं दिव्य, आपल्या घरात जन्म चटईवर जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या दुकानातून घेतल्या, वाळू एका पिशवीत घातली, आधी त्या दुसऱ्या किनाऱ्यावर नेऊन ओतली आणि मग ला पेलोसाला गेलो.

किनारा कसा आहे ते सांगायलाच हवं, कारण लेखात नुसतं "स्वर्गीय" लिहिलंय आणि त्यातून काही कळत नाही. वाळू पांढरी, मैद्यापेक्षा थोडी जाड, पायाखाली कचकच आवाज न करणारी. पाणी काठाला अगदी रंगहीन, तळातली प्रत्येक रेघ दिसते, मग फिकट हिरवं, मग निळं. मी चालत चालत आत गेले, किती वेळ गेले, पाणी आपलं कमरेच्या वर येईचना. पोहता न येणाऱ्या माणसाला असा समुद्र मिळणं म्हणजे काय हे कोकणातल्या बाईला विचारा, आमच्याकडे दहा पावलांवर पायाखालची वाळू सरकते आणि लाट ओढून नेते, म्हणून आम्ही सगळ्या काठावरच साड्या भिजवत उभ्या असतो. ह्यांनी मला पाण्यात पाठीवर झोपायला शिकवलं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. तो आनंद मी शब्दांत लिहू शकत नाही.

पाणी एवढं शांत कारण समोर आसिनारा नावाचं मोठं बेट आणि मध्ये ईझोला पियाना नावाचं छोटं चपटं बेट, शिवाय बाजूला कापो फाल्कोनेचं टोक. तिकडचा वायव्येकडून येणारा मायस्त्राले वारा भयंकर असतो, पण या आडोशामुळे इथे त्याचा जोर कमी पडतो. किनाऱ्याच्या टोकाला पाण्यातच एका खडकावर दगडी बुरूज आहे, १५७८ चा, स्पेनच्या राजवटीत समुद्री चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला. उथळ पाण्यातून लोक त्याच्या पायथ्याशी जातात. आपल्या जलदुर्गांपुढे तो अगदीच पिटुकला, पण उभा आहे मस्त.

आसिनाराबद्दल थोडं विषयांतर करते. १८८५ साली इटलीच्या सरकारने ते बेट कैद्यांची वसाहत आणि साथीच्या रोगांसाठी जहाजं अडवून ठेवायची जागा करायला ताब्यात घेतलं, आणि तिथे राहणाऱ्या लोकांना, मासेमारी आणि गुरं राखणाऱ्यांना, बेट सोडायला लावलं. त्यातली ४५ कुटुंबं समोरच्या किनाऱ्यावर आली आणि त्यांनी स्तिंतीनो वसवलं. पुढे शंभरेक वर्षं बेटावर तुरुंग होता, माफियाचे मोठे मोठे कैदी तिथे ठेवलेले. आणि १९८५ च्या उन्हाळ्यात जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लीनो या दोन न्यायाधीशांना जिवाच्या भीतीने कुटुंबासकट तिथेच आणून ठेवलं होतं, माफियाविरुद्धच्या पालेर्मोच्या मोठ्या खटल्याचे कागद त्यांनी तिथे बसून तयार केले, आणि नंतर सरकारने त्यांच्याकडून राहण्याखाण्याचं बिल वसूल केलं. १९९२ मध्ये दोघांनाही माफियाने बॉम्बने मारलं. मुलाने हे पाण्यात उभं राहून सांगितलं आणि त्यानंतर ते बेट मला वेगळंच दिसायला लागलं. आता तिथे राष्ट्रीय उद्यान आहे, पांढरी गाढवं आहेत, नातवाला ती बघायची होती पण वेळ नव्हता.

तर सांगायचं हे की स्तिंतीनोच्या लोकांचे पणजोबा-खापरपणजोबा एकदा आपली जमीन सोडून आलेत. त्यांच्याकडे आता जे आहे ते हा किनारा. तो राहिला तर गाव राहील. हा काही कोणी मला सांगितलेला विचार नाही, माझा आहे, मिऱ्याच्या माणसाला तो लगेच सुचतो.

आता वाळूबद्दल एक महत्त्वाची गोष्ट जी आपल्या लोकांना पटकन लक्षात येणार नाही. आपल्याकडे भरती-ओहोटी मोठी, पावसाळ्यात समुद्र पुळण खरवडून नेतो आणि दिवाळीपर्यंत बरीचशी परत आणून टाकतो, नद्या डोंगरातून माती-रेती आणतात. त्यामुळे आपल्याला वाटतं समुद्र देतोच. तिकडे ओहोटी जवळजवळ नाहीच! मी सकाळी जिथे चपला ठेवल्या तिथपासून पाणी संध्याकाळी पण तेवढंच लांब. पहिले दोन तास मी नकळत ओहोटीची वाट बघत होते. त्यात इथे मोठी नदी पण येत नाही. ही वाळू म्हणजे खडकाचे झिजलेले कण आणि शिंपल्यांचा, समुद्रातल्या बारीक जीवांच्या कवचांचा चुरा, साठायला हजारो वर्षं गेलेली. त्यातले बरेचसे जीव पोसिदोनिया नावाच्या समुद्री गवताच्या कुरणात वाढतात. हे शेवाळ नाही बरं का, फुलं येणारी वनस्पती आहे, मुळं, पानं, फुलं सगळं असतं, आणि ही जात फक्त भूमध्य समुद्रात उगवते. थंडीत त्याची पानं गळून काठावर येतात आणि त्यांचे तपकिरी ढिगारे होतात, उदबत्तीच्या काड्यांचा चुरा पसरावा तसे दिसतात, वास पण येतो. लेखकाने लिहिलंय ना की "काही ठिकाणी कचरा साचला होता", तो कचरा बहुधा हाच असणार. आणि हाच ढिगारा हिवाळ्यातल्या लाटांचा मार स्वतःवर घेऊन खालची वाळू धरून ठेवतो. पूर्वी ठिकठिकाणी पर्यटकांना आवडत नाही म्हणून मशिनने तो उचलायचे, आणि त्याबरोबर टनावारी वाळू पण जायची.

किनाऱ्याच्या मागे वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांना दोरी लावून बंद केलंय, जायचं तर लाकडी फळ्यांवरूनच. मला आधी वाटलं झाडाफुलांसाठी असेल. पण टेकडी म्हणजे किनाऱ्याची पेवं, वादळात वाळू गेली की तिथूनच भर पडते, आणि त्या टेकडीला धरून ठेवतात ती तिथली काटक झुडपं आणि गवतं. आपल्याकडे हेच काम एक वेल करते, तिचं नाव आपल्या पूर्वजांनी ठेवलंय मर्यादवेल. समुद्राने यापुढे येऊ नये आणि माणसानेही यापुढे जाऊ नये अशी ती रेघ. जांभळ्या फुलांची ती वेल आज आमच्याकडे गाड्यांच्या टायरखाली चिरडलेली दिसते. पर्यटक थेट पुळणीवर गाड्या घालतात, गोल गोल फिरवतात, रील काढतात, मग गाडी रुतली की गावातल्या पोरांना हाका मारतात. आणि खाडीत सक्शन पंपाने रेती उपसतात त्यावर तर तुमच्याच पेपरात किती वेळा बातम्या आल्यात.

दुपारी नातवाचं झालेलं सांगते. त्याने अर्ध्या लिटरची पाण्याची रिकामी बाटली घेतली आणि मन लावून तीत वाळू भरायला लागला, मुठीने, मग शिंपल्याने. आम्ही कोणी बघितलं नाही, बघितलं असतं तरी खेळतोय म्हणून सोडलं असतं. त्याला ती रत्नागिरीला माझ्याबरोबर पाठवायची होती, आजीच्या काळ्या समुद्राला पांढरी वाळू भेट. आमच्या शेजारच्या चटईवर एक म्हातारी बाई बसली होती, माझ्याहून मोठी, उन्हाने काळवंडलेली, एकटीच. ती उठली, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत आली, त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, नो अमोरे, ला साब्बिया नो. नातवाला इटालियन चांगलं येतं, त्याने तिला सगळं समजावून सांगितलं, माझ्याकडे बोट दाखवून. तिने ऐकून घेतलं. मग दोघांनी मिळून ती बाटली पाण्याच्या काठाला नेऊन उलटी केली. ओली वाळू बाटलीच्या मानेत अडकून बसली होती, निघेना, तर ती बाई पुन्हा पुन्हा बाटलीत समुद्राचं पाणी भरून, हलवून, ओतत होती. शेवटी बाटली उन्हात धरून बघितली, तळाला चारदोन कण चिकटले होते, परत एकदा विसळली. मला ते बघून गलबलून आलं. आपल्याकडे देवाचा अंगारा सांडला तर बोटाने टिपून घेतात तशी ती चारदोन कणांसाठी वाकली होती. मी तिला नमस्कार केला, तिने माझा गाल थोपटला.

सार्डिनियात २०१७ पासून कायदाच आहे, वाळू, खडे, शिंपले किनाऱ्यावरून नेले तर ५०० ते ३००० युरो दंड. आणि हा नुसता कागदावर नाही. २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत पोर्तो तोरेसच्याच बंदरावर १४ बाटल्यांमध्ये भरलेली ४० किलो वाळू सापडली होती, बेटाच्या दक्षिण टोकाच्या किया किनाऱ्यावरून आणलेली, आठवण म्हणून नेत होतो म्हणाले. त्यांच्यावर थेट चोरीची केस झाली. दुसऱ्या एका माणसाला विमानतळावर दोन किलोसाठी १००० युरो भरावे लागले. आणि कितीतरी लोक वर्षांनंतर मनाला लागलं म्हणून वाळू पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठी. बेटाच्या ईशान्येला बुदेल्ली नावाचं बेट आहे, तिथला गुलाबी किनारा तर लोकांनी मुठीमुठीने वाळू नेऊन एवढा उजाड केला की १९९० च्या दशकापासून त्या वाळूवर पाय ठेवायलाच बंदी आहे, लांबून बघायचं. म्हणजे ला पेलोसाच्या गावाने जे केलं ते वेळेत केलं. किनारा बंद करायला लागण्यापेक्षा १५०० माणसांना सोडणं कितीतरी बरं. आता बेटावर इतरही ठिकाणी अशी मर्यादा आहे, तुएर्रेद्दाला ११०० माणसं, काला गोलोरित्झेला तर २५०.

लेखकाचा एक मुद्दा मला मान्य आहे, तो टाळत नाही. समुद्र सगळ्यांचा, त्याला तिकीट कसलं, हे मला आतून अजूनही टोचतं. आमच्या मिऱ्याला कोणी तिकीट लावलं तर मी पहिली भांडायला उभी राहीन. गरिबाच्या पोराला समुद्र मिळालाच पाहिजे. पण ला पेलोसाचं तिकीट श्रीमंतांना निवडून घेण्यासाठी नाही, तसं असतं तर आमच्या जास्त पैशाला ती मुलगी नाही म्हणाली नसती. तिथे सगळ्यांना एकच दर, आणि जो आधी नाव लावेल तो आत. इटलीत दुसरीकडे, रिमिनीसारख्या ठिकाणी, मैलोन्मैल छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने लावलेल्या असतात आणि मोकळी फुकट वाळू शोधावी लागते, तिथे एका दिवसाला एका छत्रीचे जेवढे घेतात त्यात ला पेलोसाला अख्खं कुटुंब जाऊन येतं. मग अडवणूक म्हणायची कशाला?

आणि गर्दीबद्दल. १५०० माणसं म्हणजे काही निर्मनुष्य नव्हे. लहानसाच किनारा आहे, चटईला चटई लागून होती, मुलांचा दंगा होता. पण सिगारेटचं एक थोटूक दिसलं नाही. नातू दिवसभर वाळू उकरत होता, शिंपल्यांशिवाय काही हाताला लागलं नाही. आपल्याकडे मुलांना वाळूत अनवाणी सोडताना काच लागेल ही धास्ती असते, ती त्या दिवशी नव्हती.

परतीच्या बोटीत गाडी चढवायच्या रांगेत उभे होतो तेव्हा मुलाने गाडीची डिकी उघडून सगळ्यांच्या चपला बाहेर काढायला लावल्या आणि एकमेकांवर आपटून झाडल्या. आमच्या मागच्या गाडीतल्या माणसाने बघितलं आणि तो पण उतरून चपला झाडायला लागला.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी अशा जागांवर लेख छापाल तेव्हा खाली एक चौकट जरूर द्या. ला पेलोसाला उन्हाळ्यात जायचं तर आधी ऑनलाइन बुकिंग करा, गावाच्या अधिकृत वेबसाइटवरच, आणि बोट-हॉटेलवाले काय सांगतात त्यावर विसंबू नका. प्रत्येकाला चटई न्या. सिगारेट नाही, साबण-शाम्पू नाही, कुत्रा नाही. गाडी लावायला पैसे पडतात आणि जागा कमी, त्यापेक्षा गावातून बस बरी. फळ्यांच्या वाटेवरूनच चाला. आणि बाटलीत, पिशवीत, खिशात वाळू आणू नका, कितीही पांढरी असली तरी. हे सगळं चार ओळींत मावतं, आणि ते छापलं असतं तर लेखातल्या तक्रारीची जागा पण वाचली असती.

हेही लिहिते की पांढऱ्या समुद्रावर मर्यादवेलीची पुन्हा लागवड करता येईल का याची मी आता गावात विचारपूस सुरू केली आहे. तुमच्या वाचकांपैकी कोणी हे काम कुठल्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष केलं असेल तर त्यांनी तुमच्या याच सदरात लिहावं, पावसाळ्याआधी लावायची का नंतर, आणि गाड्यांपासून वाचवायला काय केलं, हे मला हवंय.

आपली नम्र,
एक वाचक, रत्नागिरी

ता. क. टोरिनोला घरी आल्यावर कपडे धुवायला काढले तर नातवाच्या चड्डीच्या दुमडलेल्या पट्टीत वाळू निघाली, चमचाभर सुद्धा नाही. त्याने ती स्वतः कागदावर घेतली, लिफाफ्यात घातली आणि वर मी शिकवलेल्या अक्षरांत लिहिलं, वाळू, परत. मुलाचा एक मित्र सप्टेंबरमध्ये बोटीने सार्डिनियाला जाणार आहे, लिफाफा त्याच्याबरोबर जाईल.